वीस मोजेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

फोनवर आपण दोघी "बरं आहे", "इकडंही बरंच" एवढं म्हणतो आणि ठेवून देतो. निम्मं बोलणं कारखान्याच्या आवाजात जातं, उरलेलं मी गिळते. म्हणून आजपासून पत्र. नात्यानं तू माझी नणंद, पण मी या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जायचीस. तुला वन्सं म्हणायला जीभ कधी वळलीच नाही, तेव्हा चिमणीच बरी.

शिड्यांचा कारखाना चालू आहे. चालू आहे म्हणजे बंद नाही, इतकंच. परवा एक नवं गिऱ्हाईक आलं आणि मालक कुठे आहेत म्हणून विचारायला लागलं. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सप्टेंबरात आमच्या शिडीवरून एक रंगारीण पडली. दुसऱ्या मजल्याची खिडकी रंगवत होती, सातव्या पायरीपाशी शिडीचा दांडा मोडला. खुब्याचं हाड गेलं. आता ती काठी घेऊन चालते आणि भिंती रंगवणं तिला कायमचं सुटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मालक किल्ल्या मिठाच्या बरणीखाली ठेवून निघून गेले, ते आजतागायत. मी त्यांची बायको, बावीस वर्षं इथंच काम करतेय, शिडी किती फुटी हवी ते सांगा. एवढं ऐकून ते गिऱ्हाईक म्हणालं, बघू, पुन्हा येतो. आलं नाही.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या दादाचा निळा डगला मी घालायला लागले. बाह्या तीनदा दुमडाव्या लागतात, पण म्हटलं, लोकांना मालक दिसायला हवा. त्याच्या खुर्चीत बसते. आणि त्याच्यासारखी ओरडते. तुला माहीत आहे तो कसा ओरडायचा, पत्र्यावर गारा पडल्यासारखा. काल ड्रिलवालीचं एक भोक जरासं तिरकं गेलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी चारचौघांत तिला असं काही बोलले की ते इथं लिहिणार नाही. तिनं ड्रिल खाली ठेवलं, डबा उचलला आणि गेली.

म्हातारे मिस्त्री मामंजींच्या वेळेपासूनचे, कुणाला काही बोलत नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, तुम्ही ओरडता तेव्हा मालकच ओरडल्यासारखं वाटतं. आणि मालक तर पळून गेले."

सगळं उसनं अवसान आहे गं. मला मालकीण होता येत नाही आणि कारखाना बंद करायला जीव होत नाही. तो बंद पडला तर मी नक्की कोण उरते, हे मला सांगता येणार नाही.

दादाची काही खबर? तुला कळलं तर आधी मला सांगशील, हे मला माहीत आहेच.

तुझी,
वहिनी

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तीनदा दुमडलेल्या बाह्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी एक्स-रेच्या खोलीत एकटीच हसत बसले. बाहेर पेशंट ताटकळत होता. तो डगला दादालासुद्धा मोठाच होता. आप्पांचा होता ना तो? म्हणजे दादा आप्पांच्या डगल्यात मालक झाला आणि तू दादाच्या. बिचाऱ्या डगल्यालाच आता सगळा कारखाना चालवता येत असेल.

मला सायकल तू शिकवलीस ते आठवतं? दादानं आधी दोन दिवस शिकवली होती. हँडल धर, समोर बघ, गाढवा, नुसता आरडाओरडा. मी काही शिकले नाही. मग तू आलीस. मागून सीट धरून धावलीस आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीस. मी पडले तर उचललंही नाहीस. शेजारी रस्त्यावर फतकल मारून बसलीस आणि विचारलंस, "तोल कुठल्या बाजूला गेला?" मी म्हटलं, डाव्या. तू म्हणालीस, मग आता डावीकडे लक्ष ठेव. संपलं. संध्याकाळी मी चौकापर्यंत जाऊन आले.

आजही मशीनखाली पेशंट हलायला लागला की मी त्याला ओरडत नाही, कुठं दुखतंय ते विचारते. हे मी कुणाकडून शिकले असं तुला वाटतं? वहिनी, तुला काखेत कळसा आणि गावाला वळसा झालाय. ड्रिलवालीच्या घरी जा. डगला घालून जाऊ नकोस.

दादाची काही खबर नाही.

बाकी इकडं ठीक. दादाच्या चष्म्याचा नंबर काय होता गं? सहज विचारतेय. आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, आणि डोळे घराण्यात एकसारखे असतात म्हणे.

तुझी,
चिमणी

२ मार्च

प्रिय चिमणे,

नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तो कशाला हवा ते मला काही कळलं नाही. तुझे डोळे तर घारीचे आहेत.

ड्रिलवालीकडे गेले. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं, मला बघून ती आतच थांबली. मी दारातूनच सांगितलं की मी चुकले, आणि ते चारचौघांत बोलले तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला हवी, त्यासाठी तिनं उद्या यावं. ती आली. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग तिला विचारलं, तोल कुठल्या बाजूला गेला? तिनं टेबल हलवून दाखवलं. मग म्हणाली, टेबलाचा डावा पाय वर्षभर डुगडुगतोय, मालक होते तेव्हा त्यांना चारदा सांगितलं होतं. लांब्यानं त्याच दिवशी पाय बसवला. लांब्या म्हणजे आपला पॉलिश पेपर मारणारा, दारातून वाकून येतो तो. एका पायापायी मी माझं सगळ्यात चांगलं माणूस घालवलं असतं.

आता कारखान्यात कुणाचंही काही बिघडलं की सगळेच एकमेकांना विचारतात, तोल कुठल्या बाजूला गेला. आधी चेष्टेत विचारायचे, आता खरंच विचारतात.

डगला खुंटीला टांगला. खुर्ची भिंतीकडे सरकवली. मी टेबलापाशी उभी राहून काम करते, तिथून सगळे दिसतात.

आणि एक गोष्ट पुन्हा सुरू केली. मामंजींच्या वेळी ज्यानं शिडी बनवली त्यानंच आधी तिच्यावर चढायचं, अशी रीत होती. अंगणातल्या भिंतीला शिडी लावायची, वरून तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं आणि खालच्या सगळ्यांनी मिळून वीस मोजायचे. मग वरच्या पायरीच्या पोटाला बनवणाऱ्याचा शिक्का तापवून उमटवायचा. आणि शिडीला रंग नाही, नुसतं तेल. रंगाखाली लाकडाचं काही दिसत नाही म्हणून. तुझ्या दादानं वेळ वाचवायला चढणं बंद केलं आणि गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून पिवळा रंग आणला. मी दोन्ही उलटं फिरवलं. मिस्त्री या वयात पहिले चढले. वीस झाले तरी ते उतरायला तयार नव्हते.

सगळे चढतात. मी सोडून. गुडघा दुखतो म्हणून सांगते. गुडघा ठणठणीत आहे.

शहरातल्या वाचनालयानं चोवीस शिड्या मागितल्यात. ग्रंथपालबाईंना त्या पिवळ्याच हव्यात.  रंग देणार नाही म्हणून कळवलंय, बघू काय होतं. हे काम मिळालं तर कारखाना तरला, नाही तर मे महिन्यात कुलूप.

चिमणे, एक गोष्ट तुला सांगायची आहे. आज नाही.

तुझी,
वहिनी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी आमच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. सिस्टर, वॉर्डबॉय आणि प्लास्टर काढायला आलेल्या एक आजीबाई, असे सगळे. आजीबाई म्हणाल्या, "त्या बाईला सांग, पन्नास वर्षांपूर्वी मला अशी मालकीण मिळाली असती तर मी नोकरी सोडली नसती." मी कॉलर ताठ केली. एप्रनला कॉलर नसते, तरी केली.

पण तुझा गुडघा मला कळला. तू चढत नाहीस कारण अजून ती पडलेली रंगारीण तुला दिसते. वहिनी, ती चूक दादाची आहे. रंग त्यानं आणला, चढणं त्यानं बंद केलं, पळूनही तोच गेला. तू दुसऱ्याचं ओझं वाहतेयस. टाक ते आणि चढ.

समजा, नुसतं समजा, दादा परत आला तर? तू त्याला काय म्हणशील? परत त्याच खुर्चीत बसवशील?

सोबत पार्सल पाठवतेय. कातडी हातमोजे आहेत, तुझ्या मापाचे. मालकिणीचे हात म्हणून जपून वापर.

तुझी,
चिमणी

२३ मार्च

वन्संना,

हातमोजे पोचले. माप बरोबर आहे.

पार्सलाला बांधलेल्या दोरीची गाठ मी कापली नाही, सोडवून बघितली. शिड्या गाडीवर चढवताना जी गाठ मारतात ती होती. ती कारखान्यात काम केल्याशिवाय येत नाही, आणि तुम्हाला तर बुटाची नाडी दोन वेळा सुटल्याशिवाय बांधता येत नाही. ज्यानं बांधली त्याला निदान वेगळी गाठ मारायचं सुचायला हवं होतं. सवय झालेला हात कुठं ऐकतो.

चष्म्याचा नंबर लागू पडला असेल.

तुम्ही मला आधी सांगाल असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेते.

आपली,
वहिनी

३० मार्च

वहिनी,

मला तुम्ही म्हणू नकोस. शिव्या दे, पण तुम्ही नको.

तो इथं आहे. सप्टेंबरपासून. किल्ल्या ठेवून निघाला तो सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, तिला सांगितलंस तर मी इथूनही जाईन. मला भीती वाटली की हा खरंच जाईल, आणि तो गेला तर पुढं काय होईल याची. मग रोज सांगायचं राहून गेलं. आधी आठवडा, मग महिना, मग तर सांगायला तोंडच राहिलं नाही. मी दिवसभर लोकांची हाडं बघते वहिनी, आणि स्वतःच्या घरातलं सहा महिने झाकून ठेवलं.

तो बाहेर जात नाही. माझ्या स्टुलाचे पाय नीट केले, कपाटाची दारं नीट केली, आता नीट करायला काही उरलं नाही. तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवते. मिस्त्री चढले ते ऐकून तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. तुझ्याबद्दल काही विचारलं की एकच वाक्य परत परत म्हणतो, "तिचा काही संबंध नाही. रंग मी लावला."

त्याला परत यायचंय. हातमोजे त्यानंच निवडले. माप त्याला पाठ होतं.

तुला काय लिहावं कळत नाही. माझी चूक झाली.

चिमणी

८ एप्रिल

प्रिय चिमणे,

तुझ्यावरचा राग तुझं पत्र येईपर्यंत टिकला. ते वाचलं आणि खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. तू सहा महिने झाकलंस म्हणून मी तुला वन्सं केलं, आणि मी स्वतः सात महिने काय करतेय?

त्याच्या त्या वाक्यानं मला उठवलं. ते खोटं आहे. रंग मी लावला.

ऑगस्ट संपत आला होता. चौदा शिड्या पिवळ्या करायच्या होत्या, ब्रश माझ्या हातात. एका शिडीच्या दांड्याला सातव्या पायरीखाली चीर दिसली. केसाएवढी. मी तुझ्या दादाला बोलावून दाखवली. तो म्हणाला, लाव रंग, दिसणार नाही. मी लावला. दोन हात दिले. चीर दिसेनाशी झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, चिमणे. ते बरं वाटलेलं मी विसरू शकत नाही. त्यानं सांगितलं हे खरं, पण ब्रश त्याच्या हातात नव्हता. तो पळून गेला तेव्हा सगळी चूक त्याच्याबरोबर गेली असं मी ठरवून टाकलं, आणि त्याच्या जागी उभी राहून लोकांना रीत शिकवायला लागले. शिडीवर चढायला माझे पाय का धजत नव्हते ते आता तुला कळेल.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी रंगारणीकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दाराशीच एका बरणीत तिचे ब्रश उभे होते, धुऊन, विंचरून. आता ते वापरायचे नसले तरी दर रविवारी धुते म्हणे. मी बसले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, "चीर केवढी होती?"

"केसाएवढी."

"मग मला दिसली असती," ती म्हणाली. "भिंतीवरच्या तसल्या चिरा भरण्यातच माझा जन्म गेला. तू रंग लावला नसतास तर मी त्या शिडीवर पाय ठेवला नसता."

मग तिनं मला जायला सांगितलं. मी गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं. ड्रिलवालीनं मशीन बंद केलं.  मिस्त्री एवढंच म्हणाले की वाचनालयाच्या बाईंना शिड्या पोचेपर्यंत कळू देऊ नका, घोडं तिथंच पेंड खाईल. मी म्हटलं, मिस्त्री, हाही रंगच झाला. त्याच दुपारी जाऊन ग्रंथपालबाईंना सांगून आले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या की शिड्या तयार झाल्या की त्या स्वतः येऊन बघतील, मग घ्यायच्या की नाही ते ठरेल. म्हणजे कारखाना राहतो की जातो ते त्या दिवशी कळणार.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी लिहितेय. चार दिवसांनी रंगारीण स्वतःहून आली. काठी टेकत अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही शिडी तपासता कशी ते दाखवा. आम्ही दाखवलं. तिनं एक दांडा घेतला, डोळे मिटून त्यावरून नख फिरवलं आणि एके ठिकाणी थांबली. आम्ही चौघांनी तपासलेला दांडा होता तो. तिथं चीर होती.

मी तिला तिथल्या तिथं विचारलं, हे काम करशील का. ती म्हणाली, "दया म्हणून देत असशील तर आत्ताच सांग."

मी म्हटलं, "नाही. इथं प्रत्येकाला आपली शिडी चांगलीच वाटते. मला शिडीवर विश्वास नसलेलं माणूस हवंय."

ती हसली नाही, पण सोमवारी आठला हजर होती. तुझ्या दादाच्या खुर्चीत आता ती बसते.

त्याला हे पत्र वाचून दाखव. सगळं.

तुझी,
वहिनी

१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

वाचून दाखवलं. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "दोन हात दिले" तिथं मी थांबले, तर म्हणाला, पुढं वाच. संपल्यावर तो रडला. मी त्याला आप्पा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाला की तुला वाचवायला तो ते वाक्य म्हणत होता असं त्याला वाटायचं, पण खरं म्हणजे तेवढं एक तरी चांगलं काम आपल्या हातून झालं असं स्वतःला सांगत होता.

आणि मी? मला वाटलं होतं की ओझं दादाचं आहे, तू उगाच वाहतेयस. किती सहज लिहिलं होतं मी, टाक ते आणि चढ. हाडांचा फोटो काढणं सोपं आहे गं, माणसाचा नाही येत.

मला तुझा राग आला का, असं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. आला. एक दिवसभर. त्या बाईचे विंचरलेले ब्रश डोळ्यांसमोरून जाईनात. पण मग तू तिचे तीन मजले चढून गेलीस हेही जाईना. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, सगळा दोष पळालेल्याच्या नावावर खपून गेला होता. तरी गेलीस. मला तुझा अभिमान वाटतो वहिनी, आणि या वेळी एक्स-रेच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवावा असा नाही, त्याहून मोठा.

दादा विचारतो, त्यानं यावं का. मी म्हटलं, कारखाना वहिनीचा आहे, तिला विचार. तो म्हणाला, तूच विचार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

वाचनालयाच्या बाई कधी येणार ते कळव. त्या दिवशी माझ्याकडून एकही फोटो धड निघणार नाही.

तुझी,
चिमणी

६ मे

प्रिय चिमणे,

काल ग्रंथपालबाई आल्या. लांब्यानं अंगण दोनदा झाडलं. चोवीस शिड्या भिंतीला उभ्या, नुसतं तेल दिलेल्या, उन्हात लाकडाची रेषान् रेषा दिसत होती.

रंगारीण एकेक शिडी तपासत गेली. आधी बोटाच्या पेरानं दांडा वाजवायचा, मग नख फिरवायचं. आम्ही तिच्या मागं मागं. अकरावी तिनं बाजूला काढली, लांब्याची होती. एकोणिसावीपाशी बराच वेळ थांबली, आणि तीही काढली.

"ही कुणाची?" तिनं विचारलं. तिच्यावर शिक्का नव्हता.

"माझी," मी म्हटलं.

खोटं कशाला लिहू, कानशिलं तापली. मी दोनच शिड्या बनवल्या होत्या, बावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या नावाच्या अशा. ग्रंथपालबाई बघत होत्या. मिस्त्री मला डोळ्यांनी खुणावत होते की बारीकशी असेल, चालून जाईल. तीन महिन्यांपूर्वीची मी असते तर गारा पडल्या असत्या. मी जिभेवर आलेलं गिळलं आणि विचारलं, "कुठं?" तिनं माझं बोट धरून त्या जागी ठेवलं. नवव्या पायरीच्या वर, गाठीच्या कडेला. होती.

मी करवत आणली आणि त्या शिडीचे दोन्ही दांडे मधोमध कापले. पाच मिनिटं लागली. कुणी मदतीला आलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मग माझी दुसरी शिडी भिंतीला लावली. रंगारीण खुर्चीतून उठली, काठी ड्रिलवालीच्या हातात दिली आणि शिडीचे दोन्ही दांडे तिनं धरले. पाय खाली रोवला. म्हणाली, वीस मी मोजणार.

सहा पायऱ्या चढले. सातवीवर पाय अडले. भिंत, ऊन, खाली सगळ्यांची डोकी, आणि तिची मान वर केलेली. मला ती पडताना दिसत होती, जे मी कधी पाहिलंच नव्हतं.

खालून तिनं विचारलं, "तोल कुठल्या बाजूला जातोय?"

इथं आल्यापासून रोज ऐकतेय ना ती. मी जरा थांबून बघितलं. खरंच बघितलं.

"कुठल्याच नाही," मी म्हटलं.

"मग चढ."

चढले. वरून तिसऱ्या पायरीवर उभी राहिले आणि तिनं वीस मोजले. मुद्दाम सावकाश मोजले हे मला माहीत आहे, आणि तेवढा तिचा हक्क होता. अठरापाशी जराशी थांबली, मग म्हणाली, एकोणीस. वीस. खाली आले तेव्हा वाटलं तितकं ताठ मला कधी वाटलं नव्हतं.

ग्रंथपालबाईंनी बावीस शिड्या घेतल्या, राहिलेल्या दोन नव्यानं करून द्यायच्या. रंग नको म्हणाल्या. कारखान्याला कुलूप लागत नाही.

शिक्का आता मलाही हवा होता. मिस्त्रींचं चाक आहे, ड्रिलवालीचा ठिपका. मी नुसती एक रेघ करून घेतली. बारीक, केसाएवढी. माझ्या प्रत्येक शिडीवर ती उमटणार आणि मी ती रोज बघणार.

आता तुझ्या दादाबद्दल. यावं. पण आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन यावं, माझ्याआधी तिथं. ती आत घेईल की नाही ते ती ठरवेल. त्यानंतर एखाद्या सोमवारी आठ वाजता कारखान्यात, शेवटच्या टेबलापाशी, लांब्याच्या शेजारी. शिडी बनवायची, चढायचं, वीस मोजून घ्यायचे. खुर्ची रिकामी नाही आणि डगला आम्ही कापून पुसायला घेतलाय. कारखाना मी चालवते, हे मी कुणाला विचारून लिहीत नाही. घरात तो कसा राहणार ते आम्ही दोघं सावकाश बघू. तेवढं मला आज ठरवता येत नाही, आणि येत नाही असं म्हणायची मला आता लाज वाटत नाही.

तुझी,
वहिनी

१४ मे

प्रिय वहिनी,

दादा आज सकाळच्या बसनं निघाला. आधी तिसरा मजला, असं मी न सांगता त्यानंच म्हटलं. दारात विचारलं की ती आत घेईल का. मी म्हटलं, नाही घेतलं तर पायऱ्यांवर बसून राहा, तुला पळायची सवय आहे, बसायची लावून घे. तो हसला. जाण्याआधी त्यानं मला ती गाठ शिकवली. सोबतच्या छोट्या पुडीला मीच मारलीय. तुझ्या हातात पोचेपर्यंत सुटली तर समज की मी अजून नाडीवरच आहे.

पुडीत एक दोरी आहे. ती माप म्हणून पाठवतेय. आमच्या एक्स-रेच्या टेबलावर चढायला पेशंटना एक लोखंडी स्टूल आहे, चारी पाय डुगडुगतात. म्हातारी माणसं त्यावर पाय ठेवायला घाबरतात. मोठ्या डॉक्टरांना मी सांगितलं की आम्हाला तीन पायऱ्यांची लाकडी शिडी हवी आणि ती कुठून आणायची ते मला माहीत आहे. त्यांनी विचारलं, कुणाचा कारखाना. मी म्हटलं, माझ्या वहिनीचा. आप्पांनंतर मी दादाचाच कारखाना म्हणत आले होते, तर जीभ जरा अडखळली, पण मग छान वाटलं.

दोरीएवढी उंची हवी. रंग नको. रंगारीणबाईंना तपासायला दे, आणि त्यांनी नाकारली तर दुसरी कर, मी थांबेन. वरच्या पायरीच्या पोटाला तुझी रेघ नीट उमटव. चढणाऱ्याला ती दिसणार नाही, पण मला माहीत असेल. कुणाचा पाय अडखळला की मी सांगणार आहे, चढा, आजी, भिऊ नका, माझी वहिनी यावर वीस मोजेपर्यंत उभी होती.

तुझी,
चिमणी